पडीक

सुनावणी साडेनऊला होती. मी इतिवृत्त लिहिणारा.
अठ्ठावीस प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्याचं छप्पर,
प्रिटोरियाहून आलेले तीन अधिकारी, एक प्रोजेक्टर,
आणि चहा, इतका गोड की चमचा उभा राहावा.

भिंतीवर स्पेक्ट्रम उलगडला: रंगीत पट्टे,
प्रत्येकात कुणाचं तरी नाव, कुणाचा तरी परवाना.
कंपनीचे वकील म्हणाले, हा निळा पट्टा आमचा,
देशभर, समुद्रापासून लिम्पोपोच्या काठापर्यंत,
पंधरा वर्षं.
खिडकीतून डोंगर दिसत होता.
त्यावर टॉवर नव्हता.
निळंही काही नव्हतं, आभाळ सोडून.

मग म्झिमासी उठले. वेल्कमच्या खाणीत एकतीस वर्षं;
बोलण्याआधी त्यांना खोकावं लागतं,
आणि सगळे थांबतात.
"आम्ही खाली खणत होतो तेव्हाही नकाशावर असेच पट्टे होते.
पण सोनं काढलं की कमी व्हायचं, तेवढं कळायचं.
ही हवा वापरली तर कमी होते का हो?
आणि नाही वापरली, तर साठून राहते?"
अध्यक्ष म्हणाले, प्रश्न तांत्रिक आहे.
मी लिहिलं: एका ग्रामस्थाने तांत्रिक प्रश्न उपस्थित केला.

वुयेल्वा टपरीत डेटा विकते.
पाच रँडला चाळीस एमबी, मध्यरात्री मरणारे.
"दूध नासतं, पाव शिळा होतो, ते मला समजतं," ती म्हणाली,
"पण घड्याळ बघून नासणारी ही कसली वस्तू
तुम्ही माझ्या हातून विकवता?"
वकीलही हसले.
मी लिहिलं: हशा.
"माझ्या भाचीचा, नांदिफाचा, नर्सिंगचा अर्ज
अकरा छप्पन्नला अर्ध्यावर..."
अध्यक्षांनी मनगट दाखवलं. प्रत्येकी तीन मिनिटं ठरली होती.

शाळेचा मास्तर कागद घेऊन आला होता.
मागणी एवढीच: निळा पट्टा या खोऱ्यात पडीक आहे,
वापरा, नाहीतर आम्हाला कसू द्या.
शाळेच्या छपरावर एक अँटेना, एक सौर पाटी,
महिन्याला घरटी पंचवीस रँड.
अधिकाऱ्यांनी अर्जाचं शुल्क सांगितलं, मग बँक हमी.
मागच्या रांगेत कुणीतरी ते गाईंमध्ये मोजू लागलं
आणि बोटं संपली तेव्हा थांबलं.

वकील म्हणाले, पडीक नाही, राखीव.
दोन्ही शब्द मी लिहिले.
नंतर एक खोडायला सांगण्यात आलं.

संध्याकाळी परतताना जीप खिंडीजवळ थांबवली.
इतिवृत्त सहाच्या आत पाठवायचं होतं
आणि फोनला रेंज फक्त तिथं,
रस्त्याच्या कडेला, तीन पांढऱ्या दगडांमध्ये.
तिथं आधीच माणसं उभी होती,
हात वर, जणू कुणीतरी बंदूक रोखलीय.
एक मुलगी, वही काखेत, फोन टेकडीपलीकडे धरलेला.
तिला नाव विचारलं नाही. कदाचित माहीतच होतं.

माझी फाईल गेली. अकरा पानं, सात सेकंद.
सरकारी फोन, सरकारी सिम, अमर्याद डेटा,
जो मध्यरात्री मरत नाही.
मी हॉटस्पॉट चालू केला, पासवर्ड मोठ्यानं सांगितला.
एकेक नाव पडद्यावर उमटत गेलं.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, पानाची नसलेली पिचकारी टाकावी
तशी एक लांब थुंकी टाकली, आणि काही बोलला नाही.

सेवानियमांत हे कुठल्या कलमात बसतं
मला ठाऊक नाही.
सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत आम्ही तिथंच होतो.
कमी तर काहीच झालं नाही.
फक्त बॅटरी.